कुंपणातल्या कोंबड्यांचा खाऊ आणि उद्योग

वाचकाचे पत्र: आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. घरामागे पाच कोंबड्या आहेत, तीन गिरिराज आणि दोन गावठी. पूर्वी त्या दिवसभर परसात मोकळ्या फिरत असत. मुंगसाने दोन कोंबड्या नेल्या आणि शेजाऱ्यांच्या भाजीच्या वाफ्यांवरून बोलाचाली झाली, म्हणून आम्ही आठ फूट बाय दहा फूट जाळी मारून त्यांना आत ठेवले. तेव्हापासून त्या दुपारी कोपऱ्यात सुस्त बसून राहतात आणि एकमेकींची पिसे उपटतात. एका गावठी कोंबडीची पाठ शेपटीजवळ उघडी पडली आहे. सकाळी मी दुकानातले लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचे) खाद्य घालते आणि विरंगुळा म्हणून दिवसभरात मका, शिळा भात, भाकरी, क्वचित फरसाणही टाकते. मध्यंतरी बीट आणि कलिंगड दिले, तर ओरडत दूर पळाल्या आणि दोन दिवस जवळ गेल्या नाहीत. अंड्यांची कवचेही पातळ झाली आहेत. सासूबाई म्हणतात, कोंबडीला उकिरड्यावरचे सगळे चालते, एवढा विचार कशाला? त्यांना कोणता खाऊ द्यावा, किती द्यावा आणि नव्या पदार्थांची सवय कशी लावावी?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

कोंबड्यांना जाळीत ठेवून तुम्ही विषय संपवला नाही, त्यांना विरंगुळा हवा हे ओळखले, याचे मनापासून समाधान वाटले. दुपारची सुस्ती, पिसे उपटणे आणि पातळ कवचाची अंडी या तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. परसात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचा दिवस माती उकरण्यात, पाचोळा उलटण्यात आणि एकेक दाणा, किडा, कोंब टिपण्यात जातो. जाळीत आल्यावर तिचे पोट भांड्यातल्या खाद्याने थोड्या वेळात भरते, पण चोच आणि पाय मोकळे राहतात आणि मोकळी चोच शेजारच्या कोंबडीच्या पिसांकडे वळते. तुम्ही टाकलेला मका किंवा भात हा वेळ भरून काढत नाही, कारण पाच जणी मिळून तो पाच मिनिटांत संपवतात. वर त्याने पोट भरल्यामुळे लेअर खाद्य मागे राहते आणि कवचाला लागणारे कॅल्शियम पुरेसे पोटात जात नाही. म्हणून माझा सल्ला असा की खाऊ कमी करावा आणि तो मिळवण्यासाठी कोंबडीला करावी लागणारी मेहनत वाढवावी.

खाणे आयते मिळत असताना कोंबडी मेहनत कशाला करेल, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. डंकन आणि ह्यूज या संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोंबड्यांसमोर भांडेभर खाद्य मोकळे ठेवले होते आणि शेजारीच एका चकतीवर चोच मारली की थोडे खाद्य मिळेल अशी सोयही केली होती. खाद्य दोन्हीकडे तेच होते, तरीही कोंबड्या चकतीवर चोच मारून आपल्या आहाराचा काही भाग मिळवत राहिल्या. आपल्या सगळ्या पाळीव कोंबड्या ज्या लाल रानकोंबडीपासून आल्या, ती जंगलात दिवसाचा मोठा भाग जमीन उकरण्यात आणि टोचण्यात घालवते. पिढ्यान्पिढ्या खुराड्यात राहूनही ही ओढ कोंबडीच्या अंगातून गेलेली नाही. तुमच्या गिरिराज कोंबड्यांतही ती आहे आणि गावठी कोंबड्यांत तर ती ठळकपणे दिसते.

आधी प्रमाणाचा हिशेब मांडते, कारण तो चुकला तर पुढचे सारे प्रयत्न वाया जातात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. लेअर खाद्यात प्रथिने १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के ठेवलेले असते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते आणि खाल्लेले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, त्यामुळे हे प्रमाण मुद्दाम एवढे राखलेले असते. मका, तांदूळ आणि भाकरी यांत कॅल्शियम जवळजवळ नसते आणि प्रथिनेही कमी असतात, म्हणजे अशा खाऊने पोटातला जेवढा भाग व्यापला तेवढी कवचाची आणि पिसांची सामग्री कमी झाली. वरचा खाऊ एकूण आहाराच्या एक दशांशाहून जास्त नसावा. तुमच्या पाच कोंबड्यांना मिळून हे प्रमाण दिवसाला ५० ते ५५ ग्रॅम दाण्यांचे होते, म्हणजे फार तर दोन लहान मुठी ज्वारी. पालेभाजीत मुख्यतः पाणी असल्याने तिच्याबाबतीत हात थोडा सैल सोडला तरी चालेल. बंदिस्त आणि कमी हालचालीच्या कोंबडीला मका व भात यांची चटक लागली, तर तिच्या यकृतात चरबी साठते आणि वरून तुकतुकीत दिसणारी कोंबडी एखाद्या दिवशी अचानक मरून पडते. उन्हाळ्यात हा धोका वाढतो.

पातळ कवचासाठी एक उपाय आजच सुरू करता येईल. पशुखाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. तो खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत कायम ठेवावा, म्हणजे ज्या कोंबडीला गरज आहे ती आपल्या अंदाजाने खाते. अंड्यावर कवच चढायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री होते, त्यामुळे संध्याकाळी ही वाटी भरलेली असणे महत्त्वाचे आहे. घरातली अंड्यांची टरफले धुऊन, वाळवून आणि ओळखू येणार नाहीत इतकी बारीक कुटून दिली तरी चालतात. याखेरीज बारीक खड्यांची एक वाटी हवी. कोंबडीला दात नसतात, ती दाणे पेट्यात, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीत, खड्यांच्या साहाय्याने भरडते. परसात हे खडे तिला आपोआप मिळत होते, जाळीत ते मिळतीलच असे नाही. शिंपला पोटात विरघळून जातो, त्यामुळे तो खड्यांची जागा घेत नाही. तुमचे पत्र उन्हाळ्याच्या अखेरीस आले आहे, तेव्हा हेही लक्षात घ्या की उष्म्याने कोंबड्या धापा टाकू लागल्या की चांगल्या आहारावरही कवच पातळ होते. त्यातला काही भाग हवा थंडावल्यावर आपोआप सुधारेल.

सासूबाईंचे म्हणणे मी बाजूला सारणार नाही, कारण त्यांनी पाहिलेल्या कोंबड्या खरोखरच उकिरड्यावर जगल्या आणि चांगल्या जगल्या. उकिरड्यात अळ्या, किडे, सांडलेले धान्य आणि नवे कोंब असे बरेच काही असे, आणि कोंबडी त्यातले हवे ते निवडून नको ते सोडून पुढे जात असे. आज तुमच्या कोंबड्यांना ती निवड राहिलेली नाही. समोर पडेल ते खायचे किंवा उपाशी राहायचे, एवढेच त्यांच्या हाती उरले आहे, आणि म्हणून जाळीच्या आत काय पडते याची जबाबदारी आपल्यावर आली आहे. शक्य झाल्यास त्यांनाच त्यांचा उकिरडा परत द्यावा, हा माझा पहिला उपाय आहे. कुंपणाच्या एका कोपऱ्यात, वर पत्रा असेल अशा जागी, वाळलेला पाला, पेंढा आणि तुकडे केलेले उसाचे पाचट यांचा चार-पाच इंचांचा थर घाला. तुमच्या भागात पाचटाला तोटा नाही. दुपारी उशिरा, दिवसाच्या खाऊतली एक मूठ ज्वारी किंवा बाजरी त्यात विखरून वरून हाताने पाचट हलवा, म्हणजे दाणे खाली उतरतील. जे दाणे भांड्यात दोन मिनिटांत संपतात, तेच शोधायला कोंबड्या तासाहून अधिक वेळ लावतात, आणि दाणे संपल्यावरही आशेने उकरत राहतात. दाणे एका जागी ओतू नयेत. कळपात वरचढ आणि दुबळ्या कोंबड्यांची उतरंड असते, आणि एकाच ढिगावर वरचढ कोंबडी इतरांना फिरकू देत नाही. पाठ उघडी पडलेली तुमची गावठी कोंबडी बहुधा या उतरंडीत खाली असावी. दाणे पसरलेले असतील तर तिलाही शांतपणे खाता येईल.

पाचटाचा थर आठवड्यातून एकदा खालीवर करावा आणि ओला किंवा कुबट वास येणारा भाग लगेच काढून टाकावा. पावसाळा तोंडावर आहे. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि बुरशी आली तर कोंबड्यांच्या फुफ्फुसांना त्रास होतो, त्यामुळे ज्या दिवशी थर भिजला असेल त्या दिवशी त्यात खाऊ विखरू नये.

दुसरा उपाय टांगत्या खाऊचा. कोबीचा लहान गड्डा घ्यावा, देठाच्या बाजूने त्याला आरपार भोक पाडावे, त्यातून जाड तार ओवून खालच्या टोकाला गोल वळवावी आणि गड्डा कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर लोंबेल असा टांगावा. पहिली चोच बसली की गड्डा मागे जातो, कोंबडी दचकून एक पाऊल सरते, मान तिरकी करून एका डोळ्याने त्याच्याकडे पाहते, आणि तो झुलत परत आला की पुन्हा टोचते. काही वेळाने दुसरी कोंबडी पलीकडून टोचू लागते आणि गड्डा दोघींच्या मध्ये फिरत राहतो. संध्याकाळपर्यंत पाने फाटून फक्त देठाचा दांडा उरतो. हाच कोबी चिरून ताटलीत दिला असता तर काही मिनिटांत संपला असता. सुतळी मात्र वापरू नये. तिचे धागे सुटतात, कोंबडी ते गिळते, आणि गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत त्यांचा गोळा होऊन ती पिशवी तुंबते. याच कारणाने लांब कापलेले गवतही घालू नये, ते बोटाच्या पेराएवढे तोडून द्यावे. बाजारच्या कोबी-फ्लॉवरवर कीटकनाशकांची फवारणी बरीच झालेली असते, म्हणून बाहेरची पाने काढून गड्डा नीट धुवावा.

ज्वारीचे किंवा बाजरीचे अख्खे कणीसही असेच टांगता येते आणि माझ्या मते सगळ्या टांगत्या खाऊंत तेच उत्तम, कारण एकेक दाणा बोंडातून ओढून काढावा लागतो. हुरड्याच्या दिवसांत हिरवी कणसे द्यावीत, पण कोवळ्या ज्वारीचा पाला किंवा पोंगे मुळीच देऊ नयेत. त्यातल्या विषारी घटकाने गुरे दगावतात हे तुमच्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. लाल भोपळा मधोमध कापून उताणा ठेवला, तर कोंबड्या आधी बिया वेचतात आणि मग गर कोरत सालीपर्यंत जातात. आंब्याच्या दिवसांत चोखलेल्या कोयीवरही त्या बराच वेळ रमतात. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला दाणा सुटेल एवढी चार-पाच भोके पाडून, कडा घासून गुळगुळीत करून, आत मूठभर दाणे घालून बाटली जमिनीवर सोडली, तर ती ढकलली की दाणा पडतो हे एखादी कोंबडी शोधून काढते आणि बाकीच्या तिचे पाहून शिकतात. एखादा जुना ओंडका कुंपणात आणून ठेवावा आणि आठवड्याने उलटावा. त्याखाली जमलेले किडे हा कोंबडीच्या दृष्टीने सर्वांत चांगला खाऊ असतो, आणि तो तुम्हाला विकत आणावा लागत नाही.

वाळवीचा उपयोग आपल्याकडे पिलांना वाढवण्यासाठी जुन्या लोकांनी केलेला आहे. मडक्यात ओलसर पेंढा आणि शेणाच्या सुक्या गोवऱ्या भरून ते वाळवीच्या जागी रात्रभर पालथे घालतात आणि सकाळी मडके उचलून कोंबड्यांपुढे झटकतात. हा उपाय घराच्या भिंतीपासून आणि लाकडी सामानापासून दूर, शेताच्या बांधावरच करावा, आणि जिथे वाळवीसाठी औषध टाकलेले आहे तिथे तर मुळीच करू नये. वाळवी असो की नाकतोडे, किड्यांतून चांगली प्रथिने मिळतात. पिसे जवळजवळ पूर्णपणे प्रथिनांचीच बनलेली असतात, त्यामुळे पिसे उपटणाऱ्या कळपाला दाण्यांपेक्षा असा खाऊ अधिक उपयोगी पडतो. किडे मिळाले नाहीत तर आठवड्यातून दोनदा एखादे उकडलेले अंडे कुस्करून पाच जणींत वाटावे, किंवा चमचा-दोन चमचे तिळाची पेंड खाद्यावर भुरभुरावी. पिसांना लागणारे मेथिओनिन हे अमिनो आम्ल तिळात चांगले असते. उकडलेले अंडे दिल्याने कोंबडीला अंडी फोडून खाण्याची सवय लागते, अशी भीती अनेकांना वाटते, पण कुस्करलेले अंडे आणि घरट्यातले अख्खे अंडे यांचा संबंध तिला सहसा जोडता येत नाही.

आता बीट आणि कलिंगडाविषयी. तुमच्या कोंबड्या पळाल्या यात काहीही वावगे नाही. अनोळखी वस्तूपासून आधी दूर राहणे हा कोंबडीचा स्वभाव आहे, आणि जंगलात जे दिसेल ते गिळणारा पक्षी फार दिवस जगला नसता. तिला माणसापेक्षा अधिक रंगछटा दिसतात, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात, त्यामुळे रोजच्या मातकट भांड्याशेजारी अचानक आलेली मोठी लालभडक फोड तिला आपल्याला वाटते त्याहून जास्त ठळक दिसत असणार. ही भीती तीन गोष्टींनी जाते: तुकडा लहान असणे, सोबत ओळखीचा पदार्थ असणे आणि कळपातली एक तरी कोंबडी धीट असणे. बीट किसून चमचाभर कीस ओलसर लेअर खाद्यात मिसळा. पाचसहा दिवसांनी किसाचे प्रमाण थोडे वाढवा, मग बारीक तुकडे वर ठेवा आणि त्यानंतर अर्धे बीट जमिनीवर ठेवून पाहा. कलिंगडाची फोड उताणी ठेवून तिच्यावर आधी ज्वारीचे दाणे पसरा. दाणे टिपताना चोचीला गर लागतो आणि गोष्ट पुढे सरकते.

वेळ, जागा आणि खूण रोज एकच ठेवणेही तितकेच उपयोगाचे आहे. दाणा सापडला की कोंबडी तो पुन्हा पुन्हा टोचून आणि हलकासा आवाज करून पिलांना बोलावते. तुम्ही ताटलीवर बोटाने टकटक केली, तर त्यातले काहीतरी तुमच्या कोंबड्यांना ओळखीचे वाटते आणि काही दिवसांत ती टकटक ऐकून त्या धावत येऊ लागतात. पाच जणींत जी सर्वांत आधी तुमच्या हातून खाते, तिला नवा पदार्थ प्रथम द्या. बाकीच्या तिला खाताना पाहतात आणि एक-दोन दिवसांत मागे येतात. नवे खायला लावण्यासाठी त्यांना उपाशी मात्र ठेवू नये, कारण अंड्यावरच्या कोंबडीचे खाद्य तुटले की अंडी थांबतात. एका वेळी एकच नवा पदार्थ आणावा आणि निदान आठवडाभर तोच द्यावा. त्यामुळे विष्ठेत काही फरक दिसला तर त्याचे कारण चटकन कळते. बिटानंतर विष्ठा लालसर होते, ती पाहून रक्ती हगवण झाली असे समजून घाबरू नये. कलिंगड-काकडीनंतर ती पातळ होते आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत होते. कोंबडी पिसे फुगवून मलूल बसली असेल आणि बीट न खाताही विष्ठेत रक्त दिसत असेल, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे.

दिवसाचे वेळापत्रक साधे असावे. सकाळी फक्त लेअर खाद्य आणि ताजे पाणी द्यावे, कारण बहुतेक कोंबड्या सकाळी अंडी घालतात आणि त्या वेळी त्यांना खाऊच्या मागे पळवणे बरे नाही. खाऊ दुपारी चारनंतर, म्हणजे सुस्तीची वेळ सरताना, द्यावा. भर उन्हात दाणे तर मुळीच देऊ नयेत, कारण अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते. त्या वेळी सावलीत थंड पाणी आणि फार तर गार काकडीच्या फोडी असाव्यात. कोंबडी जेवढे खाते त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते आणि कडक उन्हाळ्यात त्याहूनही जास्त पिते, म्हणून पाण्याची दोन भांडी सावलीत ठेवावीत. संध्याकाळी उरलेला ओला खाऊ उचलून टाकावा, नाहीतर उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे साप आणि मुंगूसही येतात.

पाल्यात मेथी, माठ, तांदुळजा, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या आणि शेवग्याची पाने हे सगळे चांगले. शेवग्याची कोवळी डहाळी टांगली की ती अर्ध्या तासात निष्पर्ण होते आणि काही आठवड्यांत बलकाचा रंग गडद होऊ लागतो. झेंडूच्या पाकळ्यांनीही तसेच होते, आणि कारखान्यात तयार होणाऱ्या खाद्यातही बलकाच्या रंगासाठी झेंडूचा अर्क वापरतात. दसऱ्याला तोरणातून उतरलेली फुले त्यांना घालण्याचा मोह होईल, पण विकतच्या फुलांवरही फवारणी असते, म्हणून दारची फुलेच द्यावीत. पालक अधूनमधून द्यावा, कारण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून ठेवते आणि तुमच्या कोंबड्यांना सध्या कॅल्शियमच कमी पडते आहे. जनावरांचा चारा म्हणून लावलेल्या सुबाभळीचा पाला मात्र कोंबड्यांना नको. त्यातल्या मिमोसीन या विषारी घटकामुळे वाढ आणि अंडी दोन्ही घटतात. मिरचीच्या बिया आणि देठ कोंबड्या आवडीने खातात, आणि त्यांना तिखट लागत नाही, कारण मिरचीतला तिखट घटक पक्ष्यांना जाणवतच नाही. आपल्या स्वयंपाकघरातल्या निरुपयोगी गोष्टींपैकी एवढी एक तरी बिनधास्त टाकता येते.

फरसाण कृपया पूर्ण बंद करा. मीठ हा कोंबड्यांच्या बाबतीत गंभीर विषय आहे. त्यांच्या शरीराला जास्तीचे मीठ सहज बाहेर टाकता येत नाही आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. त्याच कारणाने लोणचे, पापड, वेफर्स, मीठ घातलेली भाजी-आमटी आणि खारवलेले सुके मासे टाळावेत. भाकरी आणि भात आठवड्यातून एखाद्या वेळी, कोरडे आणि ताजे असतील तरच, आणि तेही दोन मुठींच्या हिशेबात धरून द्यावेत. आंबलेले किंवा बुरशी आलेले काहीही देऊ नये. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे, आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. आपल्याकडे पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड यांना अशीच बुरशी लागते, म्हणून ही दोन्ही कमी प्रमाणात आणि वाळलेलीच आणावीत. कच्चा राजमा विषारी आहे, कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनांचे पचन अडते, हिरवट झालेल्या बटाट्याच्या साली आणि ॲव्होकॅडो घातक ठरतात, आणि चॉकलेटही नको. कच्चा तांदूळ मात्र निर्धोक आहे. तो पोटात फुगून पक्षी मरतो ही समजूत खोटी आहे, आणि भातशेतीच्या भागातल्या कोंबड्या पिढ्यान्पिढ्या कच्ची कणी खात आल्या आहेत.

विखुरलेल्या खाऊमुळे चिमण्या, कावळे आणि पारवे कुंपणात उतरतात, ते टाळण्यासाठी खाऊची जागा वरूनही जाळीने झाकावी. देशातील पाळीव कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ साली, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. रानपक्ष्यांशी येणारा संपर्क जितका कमी, तितके बरे. परिसरात कोंबड्यांची किंवा कावळ्यांची अचानक मर झाल्याचे कानावर आले, तर खाऊ उघड्यावर टाकणे थांबवून लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवावे.

शेवटी त्या उघड्या पाठीच्या कोंबडीविषयी. रात्री ती दांडीवर बसलेली असताना विजेरी घेऊन तिच्या पिसांखाली आणि दांडीच्या फटींत पाहा, कारण लाल गोचिडीसारखे बारीक किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री अंगावर येतात. ते असतील तर कितीही खाऊ दिला तरी पिसांचा त्रास थांबणार नाही, आणि औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच फवारावे. माती आणि चाळलेली लाकडाची राख यांचे एक घमेले कोरड्या कोपऱ्यात ठेवले की कोंबड्या त्यात लोळून अंग स्वच्छ करतात आणि त्यात त्यांचा चांगला वेळही जातो. पाठीवर रक्त दिसत असेल तर तिला आजच वेगळे करा, कारण लाल रंग दिसला की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. वेगळे करताना तिला दूर न नेता कुंपणातच जाळीच्या आडोशाने ठेवा, म्हणजे कळप तिला विसरणार नाही आणि परत सोडताना भांडणे कमी होतील. तुमच्या कुंपणात एका कोंबडीच्या वाट्याला सोळा चौरस फूट येतात, तेव्हा दाटी हे कारण नाही, आणि हे उपाय सुरू केल्यावर पिसे उपटणे पंधरवड्यात कमी झालेले दिसायला हवे. मुळासकट उपटलेली पिसे एक-दोन महिन्यांत पुन्हा येतात, मात्र मध्येच तुटलेली पिसे पुढच्या पिसगळतीपर्यंत तशीच राहतात. म्हणून पाठ भरून आली नाही एवढ्यावरून उपाय फसला असे ठरवू नका. कातडीवर नव्या पिसांचे निळसर खुंट दिसतात का आणि ते कोणी पुन्हा उपटत तर नाही ना, हे दर दोन-तीन दिवसांनी तपासत राहा.